बाक ग्रॅनाइटचा, पाया काळ्या मातीत: तलावाकाठच्या स्मृतिकामाची पारख

तलावावर वर्षानुवर्षं श्रमदान करणारा माणूस गेला, की सकाळी फिरायला येणारी मंडळी वर्गणी काढतात आणि पाय ग्रॅनाइटवाल्याकडे वळतात. जळगाव, भुसावळ, धुळे या बाजूला हायवेलगतच्या वखारींत बाक, नामफलक, कोरीव काम आणि जागेवर बसवणी असं सगळं एकरकमी ठरवून मिळतं. हे परीक्षण त्या कामाचं. कुठल्या दुकानाचं नाव घेत नाही, कारण माल बहुतेकांचा सारखा आणि चुकाही सारख्याच. मत आधीच सांगून टाकतो: कोरीव काम चांगलं मिळतं, बाक डोळे उघडे ठेवून घेतला तर चालतो, बसवणी मात्र त्यांच्यावर सोडू नये. आणि जी वस्तू त्यांच्या दरपत्रकात सहसा नसते, ती पाणीपातळीची मोजपट्टी, वर्गणीचा मोठा वाटा तिच्यावर घालावा.

आधी बाक. बैठक साधारण पाच फूट लांब, दीड फूट रुंद. मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत ती दोन इंच जाड दिसते. प्रत्यक्षात बरेचदा ती ओट्याचीच २० मिलिमीटरची फरशी असते. समोरच्या कडेला त्याच दगडाची पट्टी खालून चिकटवून गोल धार मारलेली असते, म्हणून जाड भासते. ओट्याला खालून कडाप्प्याचा आधार असतो, तिथं हे खपून जातं. बाकाला दोन पायांच्या मधे तीन-साडेतीन फूट काहीच नसतं. तीन माणसं बसलेली असताना एखादं पोर उडी मारून चढलं, की फरशी मधोमध तडकते, आणि आधी करकरतसुद्धा नाही. म्हणून भाव ठरवण्याआधी बैठकीखाली हात घालून मधली जाडी मोजा. ५० मिलिमीटरची एकसंध लादी हवी. वजनावरूनही कळतं: एवढ्या मापाची ५० मिलिमीटरची लादी ९० किलोच्या पुढे भरते, २० मिलिमीटरची ३८ किलोच्या आसपास. दोन हमालांनी गप्पा मारत उतरवली तर काय समजायचं ते समजा.

पाय टोकापासून एक-एक फूट आत घ्यायला सांगा, म्हणजे मधला गाळा तीन फुटांवर येतो. पाय आणि बैठक यांच्यात नुसती इपॉक्सी नको. प्रत्येक पायावर स्टेनलेस स्टीलच्या दोन पिना हव्यात, निम्म्या पायात, निम्म्या लादीत. उन्हाळ्यात दगड तापून फुगतो, रात्री आवळतो. या रोजच्या हालचालीत नुसता चिकटवलेला सांधा दोन-तीन वर्षांत सुटतो आणि बैठक डुगडुगायला लागते.

रंगाचं तर आपल्याकडे वेगळंच. कॅटलॉगमधला सगळ्यात देखणा बाक काळाभोर, आरशासारखा. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो त्या मुलखात तो दुपारी हात ठेवू देत नाही आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरमच राहतो. म्हणजे संध्याकाळी जेव्हा लोक तलावावर येतात, नेमकं तेव्हा त्यावर बसता येत नाही. बैठकीला फिकट राखाडी ग्रॅनाइट घ्या, वर चकाकी नको. लेदर फिनिश किंवा ज्योतीनं भाजून खरबरीत केलेला पृष्ठभाग सांगा. पावसात घसरणारही नाही. काळा दगड फक्त फलकाला, कारण कोरलेली अक्षरं त्यावर उठून दिसतात. काळ्यातही एक फसवणूक चालते: राखाडीवर रंग किंवा तेल मुरवून काळा करून विकतात. पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन दगडाच्या मागच्या आणि कापलेल्या बाजूवर घासा. फडकं काळं झालं तर तो दगड एक-दोन उन्हाळ्यांत डागाळत पांढुरका होणार. दुकानदार ही तपासणी करू देत नसेल तर तेच उत्तर आहे.

सिमेंटचे तयार बाक स्वस्त पडतात, पण बहुतेकांत सळईवरचं काँक्रीट अर्ध्या इंचाचंही नसतं. पाणी शिरतं, सळई गंजून फुगते आणि कोपरे ढलप्यांनी सुटतात. लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिक-लाकडाच्या पट्ट्यांचे बाक आपल्या उन्हात मधून झोळ खातात. एकाकी जागी सांगाडा रात्रीतून भंगारातही जातो. ग्रॅनाइट निदान चोरायला जड. बाकाखाली जाळी, दोरखंड, हातमोजे ठेवायला पेटी करून देतो असं काही जण सुचवतात. घेऊ नका, पहिल्या पावसानंतर त्यात विंचू राहायला येतात.

आता फलक. इथं या वखारींचं काम खरोखर चांगलं आहे, फक्त कुठली पद्धत कशासाठी हे ठाऊक पाहिजे. लेझरनं कोरलेला फोटो दुकानात फार भावतो. पण लेझर चकाकीचा वरचा पापुद्राच तेवढा फोडतो, खोली मिलिमीटरभरही नसते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कुणी भक्तिभावानं फलक रोज धुतला की क्षारांचा पांढरा थर बसतो आणि चेहरा पुसट होत जातो. बाहेर, उघड्यावर, सँडब्लास्टिंगच खरं. रबरी किंवा विनाइलचा फरमा दगडावर चिकटवून दाबाच्या हवेनं वाळू मारतात; दोन ते तीन मिलिमीटर खोल अक्षर मिळतं. रंग उडाला तरी अक्षर बोटाला लागतं आणि पुन्हा रंगवता येतं. आत पांढरा इनॅमल भरायला सांगा. सोनेरी रंग लोकांना आवडतो, पण त्यातली धातूची पूड हवेनं काळवंडते.

देवनागरीत घोळ होतो तो फरम्याच्या टप्प्यावर. क, ब, व, ष, भ यांच्या पोटातली पोकळी म्हणजे फरम्याचा एक सुटा, मोकळा तुकडा असतो. वरचा कागद ओढताना तो चिमुकला तुकडा सोबत निघून आला आणि कारागिराच्या लक्षात आलं नाही, तर वाळू ती जागाही खाऊन टाकते. मग ‘ब’च्या जागी नुसता खड्डा उरतो, आणि दगडात खोडरबर चालत नाही. अक्षर जेवढं बारीक, तेवढा हा धोका जास्त. अक्षराची उंची निदान एक इंच, रेघेची जाडी तीन मिलिमीटर, यापेक्षा लहान काही कोरू नका. मजकूर मावत नसेल तर मजकूर कापा, अक्षर नको.

दुसरा घोळ फाँटचा. तुम्ही व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवता. दुकानातला ऑपरेटर जुन्या लिपी-प्रणालीत तो बदलून घेतो किंवा नव्यानं टाइप करतो. बदलताना पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते, रफार भलतीकडे जातो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. अहिराणी ओळ टाकायची असेल तर आणखी जपा: ‘आम्हना आप्पा’ लिहून द्याल आणि ऑपरेटर चूक समजून ‘आमचे आप्पा’ करून ठेवील. म्हणून संगणकावरचा नमुना पाहून होकार देऊ नका. फरमा कापून दगडावर चिकटवल्यानंतर, वाळू मारायच्या आधी, त्याचा सरळ समोरून फोटो मागा आणि ज्यानं मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाला तो मोठ्यानं वाचायला लावा. या एका पायरीसाठी दुकानदार कुरकुरतो, पण ऐकतो.

मजकुराबद्दल आमचं मत: नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि काय केलं ती एक ओळ. ‘निर्माल्य काढलं, जलपर्णी ओढली, सांडव्याची वाट मोकळी ठेवली’ हे ‘थोर पर्यावरणप्रेमी’पेक्षा कितीतरी नेमकं. वर्गणीदारांची यादी त्याच दगडावर कोरू नका. पुढे नाव राहिलेल्यांचे रुसवे निघतात आणि ज्याच्यासाठी दगड, त्याचं नाव खाली दबतं. फोटोऐवजी तो जो चारबोटी आकडा दोराला बांधून जलपर्णीत फेकायचा, त्याचं रेषाचित्र ब्लास्टिंगनं कोरून घ्या. पैसे कमी, टिकाऊपणा जास्त. स्थानिक काळ्या पाषाणावर छिन्नीनं अक्षरं काढणारा पाथरवट आसपास असेल तर तोही उत्तम पर्याय. त्या दगडाला ग्रॅनाइटची लकाकी येत नाही, पण तो या मातीतलाच.

दोन फूट बाय दीड फुटाचा, २० मिलिमीटर जाड फलक साधारण १५ किलोचा होतो. उभ्या भिंतीला नुसता चिकटवलेला असा दगड केव्हातरी खाली येतो. चार कोपऱ्यांत, कडेपासून दीड इंच आत भोकं पाडून ३०४ दर्जाच्या स्टीलचे बोल्ट, खाली रबरी वायसर, आणि पाठीमागे इपॉक्सी, असं दोन्ही हवं. बोल्ट करकचून आवळला की कोपरा उडतो. हाताला घट्ट लागला की थांबायचं. फलक आडवा सपाट ठेवू नका. थोडा उतार दिला की पाणी आणि पक्ष्यांची घाण वाहून जाते. साफसफाईला साधं पाणी आणि मऊ फडकं. फरशीचं ॲसिड मारलं की चकाकी मरते आणि दगडातल्या लोहामुळे तांबडे डागही उठतात.

आता बसवणी, म्हणजे जिथं पैसे बुडतात ती जागा. वखारवाला येतो, वीतभर उकरतो, चार घमेली माल टाकतो, बाक ठेवतो, फोटो काढतो, निघून जातो. मे महिन्यात काळी माती भेगाळलेली, आवळलेली असते. तिच्यावर ठेवलेलं सगळं भक्कम वाटतं. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते, आणि फुगते तीही सगळीकडे सारखी नाही. तलावाच्या बाजूचा पाय ओल धरून वर येतो, दुसरा जागेवर राहतो. बाक कलतो, पिना ताणल्या जातात, सांधा फुटतो. दोष दगडाला देतात.

उपाय महाग नाही. सात फूट बाय साडेतीन फुटाचा, दोन फूट खोल खड्डा घ्या आणि त्यातली काळी माती पूर्ण काढून टाका. त्यात मुरूम भरा, पण एकदम नाही: सहा इंचांचा थर, पाणी, धुमस; मग पुढचा थर. दाबून बसल्यावर मुरूम खचतो, म्हणून खड्ड्याच्या मापापेक्षा पावपट जास्त धरा; अर्ध्या ब्रासहून (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडा अधिक लागेल. वर सहा बाय अडीच फुटांचा, पाच इंच जाड काँक्रीटचा एकच सलग पट्टा. त्यात ८ मिलिमीटरच्या सळया, दोन्ही दिशांनी सहा-सहा इंचांवर, खालून दीड-दोन इंच उचलून धरलेल्या. माल एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. दीड गोणी सिमेंट पुरतं. दोन पायांना दोन वेगळे ठोकळे करण्याची गवंड्याची सवय मोडून काढा. पट्टा सलग असला की जमीन उचललीच तर सगळा बाक मिळून उचलला जातो, वाकडा होत नाही. पट्ट्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, पाणी पायाशी मुरू नये.

पाणी मारणं हा आपल्याकडचा दुखरा भाग. उन्हाळी वाऱ्यात काँक्रीटचं पाणी काही तासांत उडतं. गोणपाट अंथरून दिवसातून तीन-चारदा भिजवा, चौदा दिवस. तलाव शेजारी असून काँक्रीट तहानेनं मेलेलं पाहणं, यापेक्षा चीड आणणारं दुसरं काही नाही.

जागा निवडताना दोन गोष्टी. मातीच्या भरावावर, म्हणजे तलावाच्या पाळूवर, खोदायचं नाही आणि झाडही लावायचं नाही. मुळं कुजली की त्यांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं, आणि भराव फुटायची सुरुवात तिथूनच होते. भावनेच्या भरात पाळूवर पिंपळ लावणारे गट दिसतात. ज्याच्या नावानं लावतात त्यानं तो स्वतः उपटला असता. करंज, जांभूळ, अर्जुन लावा, पण भरावाच्या पायथ्यापासून दूर. दुसरी गोष्ट परवानगी. तलाव महापालिकेचा, जिल्हा परिषदेचा, ग्रामपंचायतीचा की जलसंपदा विभागाचा, ते आधी शोधा आणि जागेचा नकाशा जोडून लेखी अर्ज द्या. तलाव पाणथळ जागांच्या २०१७च्या नियमांखाली येत असेल तर नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या नियमांतून वगळले आहेत, पण मालकाची परवानगी तिथंही लागतेच.

आता मोजपट्टी. तलावावर रोज येणारा माणूस पाणी डोळ्यांत ठेवतो: पोळ्याला सांडवा वाहिला होता, संक्रांतीला तिसरी पायरी उघडी पडली, यंदा पाणी लवकर उतरतंय. तो गेला की ही सगळी नोंद त्याच्यासोबत जाते, कारण ती कुठं लिहिलेलीच नसते. ग्रॅनाइटच्या वखारीत पाच इंची चौकोनी, पाच फूट उंच खांब कापून मिळतो. वजन ६५ किलोच्या आसपास. खालचा दीड फूट काँक्रीटमध्ये गाडायचा, वरचा एक मीटर मोजणीचा. दर १० सेंटिमीटरला आडवी खूण, मधे दर दोन सेंटिमीटरला बारीक रेघ, आकडे दोन इंची, सगळं तीन मिलिमीटर खोल ब्लास्टिंगनं आणि पांढऱ्या इनॅमलनं. आकड्यांचा फाँट पाहून घ्या. शेवाळ धरल्यावर काठावरून १ आणि ९ ओळखू येत नाहीत असे फाँट आहेत. मीनाकारी केलेल्या लोखंडी तयार पट्ट्याही मिळतात आणि वाचायला त्या जास्त सोप्या, पण म्हशी अंग घासतात, मासेमारीची जाळी अडकते, एकदा मुलामा उडाला की गंज धावतो. दगडी खांब हे सगळं सोसतो.

एक खांब एक मीटरचाच उतार मोजतो. पाणी वर्षात चार मीटर उतरत असेल तर काठाच्या उतारावर पायऱ्यांसारखे पाच खांब लागतात, प्रत्येक पुढच्याचा माथा मागच्याच्या तळापेक्षा १० सेंटिमीटर वर, म्हणजे सांध्यावर वाचन चुकत नाही. शून्य धरायचं सांडव्याच्या माथ्याला आणि तिथून खाली मोजायचं. ही पातळी गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं नेता येते, पण नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते. अंतर लांब असेल तर सर्व्हेअरकडून लेव्हल मशिन लावून घ्या. सगळ्या कामात बाहेरच्या तज्ज्ञाला पैसे द्यावेत असं हे एकच ठिकाण.

याचा उपयोग काय, ते हिशेबातच दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हानं आणि वाऱ्यानं तलावाचं पाणी दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर उडतं. दहा हेक्टरच्या तलावात ८ मिलिमीटर म्हणजे ८०० घनमीटर, दहा हजार लिटरचे ८० टँकर, एका दिवसात. आठवड्याला पाणी पाच-सात सेंटिमीटर उतरलं तर ते उन्हाचं. उपसा नसताना पंधरा सेंटिमीटर उतरलं, तर गळती शोधायला निघायचं: आधी पाणी सोडायच्या दरवाजाची चौकट, मग पाळूच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल. गाळ काढण्याची मागणी करायची तरी ‘पाणी आटतं हो साहेब’ यापेक्षा दोन वर्षांची तारीखवार वही टेबलावर ठेवलेली बरी. वाचन रोज एकाच वेळी, सकाळी वारा पडलेला असताना घ्या. लाटा असतील तर वरचा आणि खालचा आकडा लिहून मध्य काढा. नाव कोरायचं ते सांडव्याजवळच्या पहिल्या खांबाच्या माथ्यावर, छोटंसं.

मुहूर्ताबद्दल. घरचे लोक वर्षश्राद्धाचा दिवस धरतात, गावं बहुधा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धरतात, कारण पितरांची घागर त्याच दिवशी. मोजपट्टीला आखाजी सोयीची: पाणी तळाला गेलेलं असतं, खालचे खांब कोरड्यात बसवता येतात. बाकाचा पाया मात्र माघ-फाल्गुनातच करून घ्या, उन्हाची तिरीप चढायच्या आत. दगडाची ऑर्डर दोन महिने आधी द्या. लग्नसराईत या वखारी घरांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या असतात आणि तुमचा फलक मागे पडतो. दशक्रियेच्या दिवशी अनावरण हा हट्ट सोडा, त्या घाईतलं काम पावसाळा पाहत नाही.

पैशांचं असं ठरवा: निम्मे ऑर्डरसोबत, फरम्याचा फोटो मंजूर झाल्यावर पाव, आणि उरलेला पाव हिस्सा पोळ्यानंतर. तोवर माती पुरती भिजून फुगलेली असते. बैठकीवर स्पिरिट लेव्हल ठेवा. बुडबुडा मधोमध असेल तर तिथंच रोख द्या.